आगोटीची बेगमी

वर्सोव्यात नव्याने राहायला आलेला तरुण काटकसर लवकर शिकतो. तिघांत एक खोली, महिनाअखेरीला नुसता वरणभात, ऑडिशनला रिक्षाऐवजी पायी आणि भाड्याचे पैसे कमी पडले तर रूममेटच्या फोनवरून यूपीआय. सिनेमा-मालिकांत नशीब काढायला आलेल्यांचं हे वर्सोवा आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्सोव्याच्या उत्तर टोकाला, खाडीच्या तोंडाशी, एक जुनं गाव आहे. तिथले कोळी त्याला वेसावे किंवा वेसावा म्हणतात. खाडीपलीकडे मढच्या काठावरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, त्यालाही वेसाव्याचाच किल्ला म्हणतात. म्हणजे नाव जुनं आहे आणि गावही.

हातात पैसा कधी येईल आणि किती येईल याचा भरवसा नसताना घर कसं चालवायचं, हा प्रश्न या गावाला ऑडिशनवाल्यांच्या कितीतरी आधी पडला होता. त्यावर गावाने जे उत्तर काढलं ते पासबुकात सापडत नाही. ते वाळूवर, दोरीवर, मासळीच्या वाट्यात आणि बाईच्या गळ्यात सापडतं. एकट्या घराला ते कधीच पेललं नसतं. ते सगळ्या गावाने मिळून उभं केलं होतं. हे उत्तर काय होतं, त्याला मर्यादा कोणत्या होत्या आणि आज ते अपुरं का पडतंय, ते पाहू.

समुद्राचा पगार

नोकरदाराचा पगार महिन्याला एकदा होतो. समुद्राचा पगार तीन वेगवेगळ्या चालींनी येतो आणि तिन्ही चाली चंद्र-सूर्याच्या हातात असतात.

पहिली चाल दिवसाची. वेसाव्याची जुनी मासेमारी डोल जाळ्याची. हे जाळं म्हणजे मोठ्या तोंडाची, शेपटीकडे निमुळती होत गेलेली पिशवी. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि प्रवाहाच्या दिशेने तोंड करून सोडतात. मासळीच्या मागे कोणी धावत नाही, पाणीच तिला आत आणतं. त्यामुळे भरती-ओहोटीचं घड्याळ हेच कामाचं घड्याळ. रात्री दोनला पाणी फिरणार असेल तर रात्री दोनला उठायचं.

दुसरी चाल पंधरवड्याची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, प्रवाहाला जोर असतो आणि डोलीत मासळी भरते. मधल्या दिवसांत भांग असते, पाणी मंदावतं आणि जाळं रिकामं येतं. महिन्यातले बरेच दिवस समुद्र समोर असूनही कमाई नाही, हे डोलवाल्या कोळ्याला जन्मापासून माहीत असतं.

तिसरी चाल वर्षाची. जूनमध्ये समुद्र खवळतो, होड्या काठावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्यात जातात. पूर्वी हा नियम समुद्राचा आणि रूढीचा होता. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. आता यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. तो माशांच्या प्रजननाचाही काळ आहे. पण कायदा नव्हता तेव्हाही हे दोन महिने बिनकमाईचेच होते.

आता हा हिशेब एखाद्या तरुण घराला लावून बघा. रोज वेगळी वेळ, महिन्यात दोनदा मंदी आणि वर्षात दोन महिने कमाई शून्य. पैशाच्या गोष्टी सांगणारे इन्फ्लुएन्सर सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी ठेवायला सांगतात. वेसाव्याला हे सांगायला कोणी आलं नव्हतं, पण वाईट काळ तारीख ठरवून येतो हे गावाला पक्कं ठाऊक होतं. ज्या संकटाची तारीख माहीत असते, त्याची तयारी करता येते. या तयारीला कोकण किनाऱ्यावर एक नेमका शब्द आहे: आगोट. पावसाच्या तोंडावरचे दिवस म्हणजे आगोट आणि त्या दिवसांत घरात भरून ठेवायची ती आगोटीची बेगमी.

उन्हावर चालणारी कोठी

बेगमीत तांदूळ, मीठ, चिंच, आमसुलं, कांदे, वर्षाचा मसाला, सरपण हे सगळं आलंच. पण तिचा कणा होता सुकी मासळी.

ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणूनच तो तव्यावर इतका मऊ लागतो आणि म्हणूनच तासाभरात खराब व्हायला लागतो. बर्फ नव्हता, रस्ते नव्हते, त्या काळात एका उधाणाला आलेले सगळे बोंबील ताजे विकणं शक्यच नव्हतं. मग वाळूवर बांबूंचे उंच खांब रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगायची. मीठ नाही, इंधन नाही. ऊन आणि खाऱ्या वाऱ्याचं काम. काही दिवसांत पाणी उडून जातं आणि उरतो तो काडीसारखा सुका बोंबील, ज्याच्या वजनातला अर्ध्याहून जास्त भाग प्रथिनांचा असतो. जवळा, करदी, मांदेली यांना टांगायची गरज नाही, ती जमिनीवर पसरून वाळतात. मोठ्या मासळीला मात्र मीठ लावून खारवावं लागतं.

इंग्रजांनी या सुक्या बोंबलाला बॉम्बे डक म्हटलं. मेल गाडीच्या डब्यातून, म्हणजे 'बॉम्बे डाक'मधून जायचा म्हणून हे नाव पडलं, अशी गोष्ट इंटरनेटवर फिरत असते. पण हा शब्द छापील पुस्तकांत १८५३ साली इथे रेल्वे सुरू होण्याच्या आधीपासून आढळतो. गाडीपेक्षा बोंबील जुना आहे.

काटकसर म्हणून या पदार्थाकडे पाहिलं तर त्याची हुशारी कळते. उधाणाला जास्तीची मासळी आली की तिचा भाव पडतो. ती त्या भावात विकून टाकण्याऐवजी वाळवली की तीच मासळी जुलैत जेवण होते. वाळवणं म्हणजे स्वस्ताईचा दिवस उचलून महागाईच्या दिवसात ठेवणं. शिवाय ती पुरते फार. मूठभर जवळा, दोन कांदे आणि एक कैरी यांत अख्ख्या घराचं कालवण होतं. चार सुके बोंबील वांग्या-बटाट्यात टाकले की पातेलंभर रस्शाला चव येते. मासळी इथे मुख्य पदार्थ उरत नाही, ती भाताला पुढे ढकलणारी चव होते.

आणि ही कोठी फक्त कोळ्यांची नव्हती. सुकी मासळी आठवडी बाजारांतून ठाणे जिल्ह्याच्या आतल्या गावांत आणि घाटावर जायची. घाटावर भाकरीबरोबर बोंबलाची चटणी खाणारा मजूर कोळीवाड्याचं गिऱ्हाईक होता. किनारपट्टीवर मासळीच्या बदल्यात भात घेण्याची रीतही होती. एकाकडे धान्य आणि दुसऱ्याकडे मासळी, अशा दोन तंगीतल्या घरांनी एकमेकांचं ताट पूर्ण करायचं.

इथेच या व्यवस्थेची पहिली मर्यादाही दिसते. कोळी भात खातो, पण पिकवत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशनिंग सुरू झालं. वेसावे तेव्हा शहराच्या पालिकेबाहेर, उपनगर जिल्ह्यात होतं, पण तांदळाची टंचाई हद्दी पाळत नाही. कोठीत सुकट कितीही असली तरी सुकटीवर भात उगवत नाही. आगोटीची बेगमी पावसासाठी पुरेशी होती, महायुद्धासाठी नव्हती. काटकसरीने आपल्या वाट्याचं टिकवून ठेवता येतं. दुसऱ्याकडून यायचं तेच थांबलं तर ती हतबल होते.

वाटा

आता त्या खुंटाकडे परत जाऊ. खोल पाण्यात, चिखलाच्या तळात लांबच्या लांब खुंट रोवायचा तर एक माणूस किंवा एक होडी काय करणार? त्याला होड्यांचं वजन, पुष्कळ माणसांचा भार आणि पाण्याच्या चढउताराचा जोर लागतो. पावसाआधी होडी वर ओढायला, तिला झावळ्यांनी शाकारायला, नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात ढकलायलाही तसंच. आज तुझी, उद्या माझी. मजुरीच्या पैशांत हे मोजलंच जात नव्हतं, त्यामुळे ते कोणाच्या खर्चातही पडत नव्हतं.

कमाईची वाटणीही अशीच. मासळी विकली की आधी खर्च वजा व्हायचा. उरलेल्यातून एक वाटा होडीचा, एक जाळ्यांचा, मग तांडेलाचा आणि खलाशांचा. ठरलेला पगार नाही. वाटा म्हणजे मोठा हात लागला तर सगळ्यांना जास्त आणि रिकामं जाळं आलं तर नाखव्यासकट सगळ्यांना कमी. नुकसान एकाच घरावर कोसळू नये याची ही सोय. वर घरच्या कालवणापुरतं म्हावरं प्रत्येकाला मिळायचं, ते हिशेबात धरत नसत.

याला भाबडेपणाने 'जुन्या काळचा एकोपा' म्हणायचं कारण नाही. होडी आणि जाळी ज्याची, त्याचा वाटा मोठा होता. ज्याच्याकडे फक्त दोन हात, त्याचा लहान. वाट्याने गरीब-श्रीमंत सारखे झाले नाहीत. त्याने एवढंच केलं की वाईट दिवसात कोणी अगदी तळाला जाऊ नये.

गळ्यातली ठेव आणि दलालाची उचल

मासळी काठाला लागली की पुरुषाचं काम संपतं आणि बाईचं सुरू होतं. लिलाव, टोपली, अंधेरी-जोगेश्वरी-पार्ल्याचा बाजार, घरोघरची उधारी आणि शेवटी रोकड. कोळीवाड्यात पैशाचा व्यवहार परंपरेने बाईकडे राहिला, कारण विकणारी तीच. ताजं किती विकायचं, वाळवायचं किती, कोणाला उधार द्यायचं, हे निर्णय तिचे. आगोटीची बेगमी हा तिचाच अर्थसंकल्प.

तिच्या अंगावरचं सोनं बाहेरच्यांना नेहमी मिरवण्याची हौस वाटत आलं. हौस होतीच. पण ज्या घराला बँक दारात उभं करत नाही, त्या घरासाठी सोनं ही कधीही मोडता किंवा गहाण ठेवता येणारी ठेव असते. हंगामात अंगावर चढतं, पावसात पेढीवर जातं, हंगाम सुरू झाला की सोडवून आणतात. सोबत महाराष्ट्रभर चालते ती भिशी: दहा-पंधरा बायका, ठरलेली रक्कम आणि नंबर लागेल तिला सगळी एकदम. लग्न, आजारपण, जाळ्याचं सूत, जिला जे निकडीचं ते.

एवढं करूनही भागत नसे, तेव्हा दलाल होता. तो हंगामाआधी उचल द्यायचा आणि बदल्यात मासळी त्यालाच, त्याच्या भावाने घालायची. कठीण काळात हात देणारा आणि तोच हात धरून ठेवणारा, असा हा दुहेरी माणूस. यातून सुटायला किनाऱ्याने सहकाराचा रस्ता धरला. देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था १९१३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात कर्ला इथे निघाली, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या कोळीवाड्यांतही अशा सोसायट्या उभ्या राहिल्या. कर्ज, डिझेल, बर्फ यांसाठी दलालाऐवजी सोसायटीकडे जाता येऊ लागलं. वेसाव्यातल्या मच्छीमार सोसायट्या आजही गावातल्या महत्त्वाच्या संस्थांपैकी आहेत. खुंट रोवताना जे हातांनी व्हायचं, ते आता नोंदवहीत होऊ लागलं.

बर्फ, इंजिन, नायलॉन

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत सगळं बदललं. सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकवावी लागत, त्यांच्या जागी नायलॉन आलं. शिडाच्या जागी इंजिन आलं. बर्फ आला, त्यामुळे ताजी मासळी लांब जाऊ लागली. परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला आणि ट्रॉलर वाढले. १९६१ मध्ये केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था मुंबईत सुरू झाली. आज तिचं आवार यारी रोडजवळ, कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. रिक्षावाले ज्याला फिशरीज युनिव्हर्सिटी रोड म्हणतात, तो या संस्थेवरूनच.

कमाई वाढली, यात शंका नाही. पक्की घरं झाली, मुलं शिकली. त्याबरोबर खर्चाचा स्वभाव बदलला. शिडाची होडी काठावर उभी असली तर काही मागत नव्हती. इंजिनाच्या बोटीला कर्जाचा हप्ता असतो आणि तो भांग-उधाण बघत नाही. डिझेल रोखीने भरावं लागतं, मासळी मिळो न मिळो. खलाशी आता बहुतेक बाहेरगावचे, बऱ्याचदा परप्रांतातले. त्यांना आगाऊ पैसे द्यावे लागतात. वाट्यामुळे तोटा सगळ्यांत विभागला जायचा, तो आता बोटमालकाच्या कर्जात साचतो. आणि बर्फ दारात आल्यावर वाळवणं मागे पडलं, कारण ताज्याला रोख भाव होता. सुकी मासळी उरली ती मुख्यतः बायकांच्या हिमतीवर.

तारीख न सांगता आलेलं संकट

जुन्या व्यवस्थेची सगळी मदार एका गोष्टीवर होती: वाईट काळ जूनमध्ये येतो. गेल्या काही वर्षांत त्याने हा करार मोडला.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस, ऐन हंगामात, अरबी समुद्रात 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही चक्रीवादळं आली. बोटी बंदरात अडकल्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार महाराष्ट्राची मासळी २०१८ मध्ये २.९५ लाख टन होती, ती २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली, म्हणजे वर्षभरात जवळपास एक तृतीयांश घट आणि ४५ वर्षांतला नीचांक. ते वर्ष कसंबसं निघतंय तोवर २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. केंद्राने १० एप्रिलला मासेमारीला सूट दिली, पण बाजार बंद, लोकल बंद, तर टोपली न्यायची कुठे? ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ ला 'तौक्ते' मुंबईजवळून गेलं. मे म्हणजे आगोट. दोऱ्यांवर आणि वाळूवर शेवटची मासळी वाळत असते ते दिवस. पावसाची बेगमी पावसाआधीच भिजली तर जुलैत काय खायचं, याचं उत्तर जुन्या व्यवस्थेत नव्हतं.

दीड-पावणेदोन वर्षांत चार वादळं आणि एक टाळेबंदी, तीही दुष्काळी हंगामानंतर. दोन महिन्यांसाठी बांधलेली काटकसर इतक्या लांब काळाला पुरत नाही. हा दोष काटकसरीचा नाही. समुद्र तापतोय, बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासळीही ओढली जाते, शहराची घाण खाडीत उतरते. यांतलं काहीच वेसाव्यातली एखादी बाई मसाला कमी वापरून भरून काढू शकत नाही. 'कोळी लोक चिवट असतात' असं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. चिवटपणाचं कौतुक बऱ्याचदा मदत न करण्याची सभ्य सबब असते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याला मिळतं ते मच्छीमारालाही मिळावं, हा त्यामागचा हेतू. शेतकऱ्याचा दुष्काळ सरकारला मान्य आहे, मग मासळीचा दुष्काळ का नाही, असं किनारा कित्येक वर्षं विचारत होता.

रिकामी दिसणारी जागा

मग जुनं उत्तर टाकून द्यायचं का? तसं नाही. त्यातला एक भाग आजही चालतो आणि नेमका तोच सर्वांत आधी जाण्याच्या बेतात आहे.

टाळेबंदीत ज्यांच्याकडे वाळवायला जागा होती, त्यांना न विकलेली मासळी फेकावी लागत नव्हती. शीतगृहाला वीजबिल असतं, वाळूला नसतं. पण ही वाळवणीची जागा नकाशावर फारच विचित्र दिसते. तिथे इमारत नाही, कुंपण नाही, बऱ्याचदा कुणा एकाच्या नावाचा कागद नाही. पावसात तर तिथे खांबही नसतात. कोणी जूनमध्ये मोजणीला आला तर त्याला ती मोकळी पडीक जमीन वाटेल. समुद्रकिनारी मुंबईत मोकळ्या जमिनीचा भाव काय असतो ते सांगायला नको. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतल्या कोळीवाड्यांचं सीमांकन करून त्यांना वेगळं संरक्षण द्यावं असं म्हटलं होतं. सीमांकनात घरं येतात. होड्या लावायची, जाळी सुकवायची, बोंबील टांगायचे ती जागा त्यात धरायची की नाही, यावर कोळीवाड्यांचा झगडा चालू आहे. इकडे वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम समुद्रात उभं राहतंय आणि वर्सोव्याहून उत्तरेकडे जाणारा किनारी रस्ताही आखलेला आहे.

वेसाव्याच्या काटकसरीच्या इतिहासातून एक गोष्ट ठळक दिसते. माणसं काटकसर करतात ती जागेच्या, वेळेच्या आणि शेजाऱ्यांच्या आधाराने. हा आधार काढून घेतला की उरतं ते फक्त पोट मारणं. वाळवणीची जागा गेली तर कोळीण वर्षभर ताजी मासळी पडेल त्या भावात विकेल आणि जुलैत बाजारातून विकत आणून खाईल. तिचा हात तितकाच आखडता राहील, फक्त हाती काही लागणार नाही.

तीन जणांत एक खोली करून राहणाऱ्या वर्सोवाकरांनाही हे नवीन नाही. रूममेट सोडून गेला की भाडं कसं भरायचं हा प्रश्न एका रात्रीत उभा राहतो. नारळी पौर्णिमेला वेसाव्यात गर्दी होते, फोटो निघतात, रील्स बनतात. त्याच गावात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन चढायच्या आत एकदा जा. पसरलेल्या जवळ्याच्या कडेने चाला, त्यावर पाय पडू देऊ नका. आभाळाकडे बघत दोऱ्यांवरचे बोंबील भराभरा काढून टोपलीत भरणाऱ्या बायका दिसतील. एकीचं आटोपलं की ती शेजारणीच्या दोरीकडे वळते. पाऊस आठवड्यावर आलेला असतो आणि गावाची दोन महिन्यांची जेवणं अजून त्या वाळूवरच असतात.